तामलवाडीच्या पेवाचं पोट

मित्रांनो, मी एक जुनं पेव आहे. घाबरू नका, पेव म्हणजे भूत नव्हे. जमिनीत खोल खणलेलं, वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड आणि खाली रांजणासारखं फुगीर पोट, असं ज्वारी साठवायचं ठिकाण म्हणजे पेव. तामलवाडीत शिवलिंगप्पाच्या घरामागं, लिंबाच्या झाडाखाली मी आहे.

मला त्याच्या आज्यानं, बंडप्पानं खणलं. मुरूम असा कडक, की कुदळीच्या ठिणग्यांवर खणणाऱ्यांनी भाकऱ्या भाजून घेतल्या. माझं पोट एवढं वाढलं, की तळातून बंडप्पानं बायकोला मारलेली हाक वर पोचेपर्यंत तिचा स्वयंपाक होऊन निवला होता. एकदा माझ्यात पडलेलं मांजर सोलापुरात निघालं. खोटं वाटत असेल तर मांजराला विचारा.

मग मला शेणामातीनं लिंपलं, आत जाळ करून शेकलं, कडेनं कडबा लावला. दर उन्हाळ्यात माझ्यात ज्वारी ओतायची, तोंडावर शिळा ठेवायची आणि वरून चिखलानं लिंपायचं. पाऊसकाळात घरातल्या कणगीतलं, म्हणजे बांबूच्या टोपल्यातलं, धान्य संपलं की मगच मला उघडायचं. मधे कुणी उघडत नसे, कारण दमट वारा शिरला की दाणा कुजतो. दुष्काळात मी अख्खी गल्ली जगवली. लोक म्हणायचे, "पेव असावं तर बंडप्पाचं!" मी अंधारात फुगून बसायचो.

शिवलिंगप्पाचा सोमलिंग माझ्या शिळेवर खेळत वाढला आणि थेट हैदराबादेला बी.ए. करायला गेला. ते दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. निजामाच्या राज्यात लेव्ही लागली होती, म्हणजे प्रत्येक शेतकऱ्यानं ठरलेली ज्वारी सरकारला घालायची. पोरगं उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आलं तेव्हा गावानं लेव्ही नुकतीच भरली होती. पीकही कमीच आलं होतं. मला जेमतेम निम्मं भरून, लिंपून झालं होतं.

"इतिहास, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, तिन्ही एकदम शिकतो मी. सगळं उर्दूतून," सोमलिंग आईला सांगत होता.

"एका गाडग्यात तीन भाज्या?" मल्लम्मा म्हणाली. "करपायच्या की रं."

"अव्वा, तेच तर नवं आहे. माणूस काय पिकवतो, काय खातो, कुणाशी सोयरीक करतो, हे एकत्र बघायचं. प्रोफेसरांनी सांगितलंय, आपापल्या गावाची पाहणी करून प्रबंध लिहा. त्याच्यावरच पुढं परीक्षेला बसता येतं."

दुसऱ्या दिवशी तो माझ्या शिळेवर मांडी घालून बसला आणि एकेकाला बोलावू लागला. पहिले आले दगडोबा.

"दगडूकाका, म्हशी किती?"

"लिव्ह अकरा."

"तुमच्याकडं तर एकच म्हैस आहे!"

"मंग? ती येकटी अकरांचं खाती. लिव्ह तू."

मागून शेजारच्या तुळजाबाई दगडोबांची बाजू घेत फिस्कारल्या, "पोर येवढ्या लांब शिकतंय, आन त्याच्या मास्तरापुढं गावाची लाज घालवायची व्हय? माज्या घरी रोज तूप लिव्ह रं लेकरा. कमी सांगितलं तर मार्कं कमी पडत्याल."

मित्रांनो, तिथंच घोटाळा झाला. तामलवाडीत पाहुण्यापुढं रिकामं ताट कुणी ठेवत नाही. अंगणात पाहुणा आला की शेजारून उसनं आणून वाढतात. इथं तर अख्खं हैदराबाद जेवायला बसणार होतं. मार्क म्हणजे ताटात वाढलेलं अन्न, अशी सगळ्यांची समजूत झाली. लेव्ही भरून झालीच होती, आता भ्यायचं कुणाला? कणगीची खंडी झाली, शेळीची गाय झाली.

सोमलिंगला संशय येत होता. पण प्रोफेसरांची ताकीद होती, की लोक सांगतील तेच लिहायचं, आपलं त्यात घालायचं नाही. शेवटी बापाची पाळी आली.

"आप्पा, पेवात किती आहे?"

शिवलिंगप्पानं माझ्या शिळेवर थाप मारली. "गळ्यापतुर! ल्ही, वर सांडतंय."

"खरं सांगताय ना?"

"बापावर इस्वास न्हाय व्हय तुजा?"

पोरानं मान खाली घालून लिहिलं. मी आतून ओरडलो, "अरे, निम्मं! निम्मंच आहे!" पण तोंडावर शिळा, शिळेवर चिखल आणि चिखलावर तोच बसलेला. थापा मारायला मी कुणाला हार जात नाही, पण त्या दिवशी पहिल्यांदा खरं बोलावंसं वाटलं आणि आवाज फुटला नाही.

श्रावणात सोमलिंग हसत घरी आला. प्रबंध पहिला आला होता. प्रोफेसर एवढे खूश झाले, की त्यांनी तो धान्यखात्यातल्या एका ओळखीच्या साहेबाला कौतुकानं वाचायला दिला होता. मल्लम्मानं पोराची दृष्ट काढली.

दोनच दिवसांनी गाड्या आल्या. लेव्ही तपासणारे सरकारी अंमलदार, गिरदावर साहेब, पुढं होते, मागं शिपाई.

"भरा ज्वारी," गिरदावर म्हणाले. "गावात इतकं धान्य असून सरकारला एवढंसं घातलं? तुमच्याच पोरानं लिहिलंय, शिवलिंगप्पा. माशाअल्ला, काय लिहिलंय!"

सोमलिंग पांढराफटक पडला. "साहेब, ते खरं नाही. मला मार्क मिळावेत म्हणून लोकांनी वाढवून सांगितलं."

"म्हणजे तुमचा प्रबंध खोटा?"

"हो."

"तसं लिहून द्या. मी कॉलेजला कळवतो."

शिवलिंगप्पा पुढं सरसावला. "सोमा, गप ऱ्हा. दाणा पुन्यांदा पिकतो. तुजं शिक्षाण न्हाय पिकायचं!"

तुळजाबाई शिपायापुढं पदर पसरून उभ्या राहिल्या. "आवो, आमीच खोटं बोललो. माज्या घरात तूप न्हाय, तेल सुदीक न्हाय!"

सोमलिंगनं लिहून दिलं. गिरदावरांनी कागद घडी करून खिशात घातला आणि म्हणाले, "आता पेव उघडा."

"पण मी लिहून दिलं ना?"

"ते कॉलेजसाठी. ज्वारी सरकारसाठी."

शिळा सरकवली. आतला कोंडलेला वारा जीव घेतो, म्हणून थांबून, कंदील सोडून बघितला. तो तेवत राहिला तसा सोमलिंग दोराला धरून आत उतरला आणि ज्वारीवर उभा राहिला. हात वर करूनही तो माझ्या गळ्याला पोचत नव्हता.

"बघा साहेब! एवढंच आहे!"

वरून गिरदावर वाकले. "बाकीचं हलवलंत वाटतं. बरं, खाली आहातच, तर टोपल्या भरून द्या."

मित्रांनो, त्या पोरानं बापाची ज्वारी आपल्या हातानं भरून दिली. एकेक टोपली वर जायची आणि तो माझ्या पोटात खाली खाली जायचा. मला हात असते तर मी त्याला धरलं असतं. मला पोटाशिवाय काही दिलेलंच नाही.

गाड्या गेल्या. सोमलिंग तळाशी कडब्यावर बसून राहिला. शिवलिंगप्पा माझ्या तोंडाशी पालथा पडला आणि त्यानं दोर खाली सोडला.

"वर ये, बाळा."

"आप्पा, आता तरी खरं सांगा. पुढच्या सुगीपर्यंत घरात किती आहे?"

वरून दोर आणखी हातभर खाली आला.

"लई हाय," शिवलिंगप्पा म्हणाला. "लई हाय. तू वर ये."

त्या साली कॉलेजनं सोमलिंगला परीक्षेला बसू दिलं नाही. मलाही पुन्हा कुणी भरलं नाही. माझी शिळा कुणीतरी धुणं धुवायला नेली आणि आता माझ्यात पाचोळा पडतो, कधी शेळी पडते. उघडं पेव दिसलं तर तोंडावर काही तरी झाकत जा, मित्रांनो. आणि कुणी मायेनं विचारलं, तुमच्याकडं किती आहे, तर तुमचंही मन त्याच्यापुढं ताट भरायला धावेल. तेव्हा जेवढं असेल तेवढंच सांगा. मला सांगता आलं नाही. तुमच्या तोंडावर तर शिळा नाही ना?