खुणेबाहेर एक बोट

मित्रांनो, मी एक जुनी भाजी चिरायची फळी आहे. वय विचारू नका, अंगावरचे वार मोजा. मोजता मोजता तुम्हालाच झोप लागेल. पण आज मी रडगाणं गाणार नाही. मला इंग्रजी येतं, हे सांगायला मी कधीची उतावीळ झाले आहे. सगळं नाही हं, फक्त तुकड्यांचं आणि वाटण्यांचं. हाफ, थर्ड, क्वार्टर, स्लाइस, पोर्शन. हे इंग्रजी मी एका शिंप्याकडून शिकले, आणि त्यापायी एका बाईचं नशीब बोटभर जागेवर येऊन अडलं.

माझा जन्मही कापण्यातूनच झाला. दरवाजा बनवून उरलेलं जाड फळकूट सुताराने मधोमध कापलं. एका अर्ध्याचा कपाटातला कप्पा झाला आणि दुसऱ्या अर्ध्याची मी. कप्प्याचं पुढे काय झालं ते ठाऊक नाही, बिचारा डबे सांभाळत बसला असेल. मला मात्र रंधा मारला, तेल पाजलं आणि माझी रवानगी एका लहानशा घरात झाली. घरात माणसं तीन. म्हातारा शिंपी, ट्रक चालवणारा आणि आठवड्यातून दोनच दिवस दिसणारा त्याचा मुलगा, आणि सून. म्हातारा तिला सूनबाई म्हणायचा, म्हणून मीही तेच म्हणते.

सूनबाई एका मोठ्या हॉटेलच्या स्वयंपाकघरात नऊ वर्षं भांडी घासत होती. पण सुरी हातात धरावी तर तिनेच. ती कांदा चिरू लागली की मला अक्षरशः गुदगुल्या व्हायच्या. एके दिवशी ती घरी आली ती धापा टाकतच. चिरण्याच्या टेबलावर एक जागा रिकामी झाली होती. शेफ शनिवारी परीक्षा घेणार होते. सुरी आणि फळी आपापली आणायची. तिला जमलं तर जागा तिची, नाही तर बाहेरून माणूस येणार.

"चिरायचं भय नाही हो बाबा," ती सासऱ्यांना म्हणाली. "शेफ इंग्रजीत ओरडतात. हाफ ऐकून माहीत आहे. पण थर्ड म्हणाले तर किती कापू? क्वार्टर म्हणाले तर?"

"एवढंच ना?" म्हातारा हसला. "माझा सगळा जन्म ह्याच शब्दांवर गेला. हाफ बाही, थ्री-फोर्थ बाही, क्वार्टर इंच. बस इथे."

मित्रांनो, काय सांगू त्या दिवसांची गंमत! म्हाताऱ्याने शिंप्याचा खडू काढला आणि माझ्या अंगावरच शाळा भरवली. मधोमध रेघ, म्हणजे हाफ. हाफचं पुन्हा हाफ, म्हणजे क्वार्टर. पातळ उभा काप, म्हणजे स्लाइस. एका माणसाच्या वाट्याचं ते पोर्शन. आणि थर्ड? त्यासाठी त्याने दोरा घेतला, माझ्या लांबीइतका तोडला आणि त्याची तिहेरी घडी घातली. "डोळ्यावर विश्वास ठेवायचा नाही, सूनबाई. डोळा लबाड असतो, दोरा नसतो."

बटाटे झाले, काकड्या झाल्या, एक अख्खा भोपळा कामी आला. घरी असलेले दोन्ही दिवस तोच मेनू खाऊन ट्रकवाला मुलगा म्हणाला, "ह्या घरात अभ्यास फार पौष्टिक आहे." म्हाताऱ्याच्या तोंडी एक पालुपद होतं: "खुणेबाहेर एक बोट, नाहीतर शिंप्याला खोट." म्हणून सूनबाई रेघ मारायची मधोमध, पण सुरी चालवायची रेघेच्या बोटभर पलीकडे. माझ्या एका बाजूला नेहमी जास्त भार पडायचा. मला ते कळत होतं. पण फळीला तोंड कुठलं?

शनिवारी मी पिशवीतून हॉटेलात गेले. केवढं ते स्वयंपाकघर! वाफा, घाई, एकावर एक रचलेली पातेली, आणि भांड्यांच्या मोरीवरच्या तिच्या मैत्रिणी हातातली कामं टाकून दाराशी उभ्या. शेफनी चीजची दोन किलोंची लांबलचक वडी माझ्यावर ठेवली आणि म्हणाले, "हाफ."

सूनबाईने मध्यावर सुरीच्या टोकाने खूण केली आणि झटक्यात कापलं. शेफनी दोन्ही तुकडे काट्यावर ठेवले. एक तुकडा दुसऱ्यापेक्षा दोनशे ग्रॅम जड भरला.

"बाई, हे हाफ आहे?"

"हो साहेब. शिलाई धरून."

"काय धरून?"

"शिलाई. माझे सासरे शिंपी आहेत. ते म्हणतात, खुणेबाहेर बोटभर जास्त..." ती बोलता बोलता थांबली. दाराशी कुणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळेच हसले. शेफ मात्र हसले नाहीत. त्यांनी कागदावर काहीतरी लिहायला पेन उचललं.

"थांबा साहेब," सूनबाई म्हणाली. "कापड परत जोडायचं असतं, म्हणून ते जास्त ठेवतात. हे कुणी परत जोडणार नाही, थेट ताटात जाणार. चूक कळली मला. एकदा आणखी कापू द्या."

शेफनी पेन खाली ठेवलं. त्यांनी एक लांब पाव माझ्यावर आपटला. "थर्ड."

दाराशी उभ्या मैत्रिणी दोन पावलं पुढे सरकल्या. कारण थर्ड भल्याभल्यांना जमायचं नाही; तिथले जुने लोक अंदाजाने कापायचे आणि उरलेला मोठा तिसरा तुकडा ज्याच्या वाट्याला येईल तो नशीबवान. सूनबाईने ॲप्रनची नाडी सोडली. पावावर लांबीइतकी धरली, तिहेरी घडी केली, दोन खुणा केल्या. आणि कापलं, अगदी खुणेवर, ना अलीकडे ना पलीकडे.

पहिला तुकडा काट्यावर. दुसरा. तिसरा. काटा जवळजवळ एकाच जागी येऊन थांबला. मला ओरडावंसं वाटत होतं, मित्रांनो. मोरीवरच्या बायकांनी माझं काम केलं, त्यांनी पातेली बडवली. शेफनी ती नाडी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि म्हणाले, "सोमवारपासून टेबलावर या. आणि ही युक्ती बाकीच्यांनाही दाखवा."

घरी म्हातारा उंबऱ्यातच उभा होता. सूनबाईने सगळं सांगितलं, दोनशे ग्रॅमही सांगितले, लपवलं नाही. त्याचा चेहरा पडला. "माझ्यामुळे घात होत होता गं तुझा."

"तुमच्यामुळे थर्ड आला ना? मग फिट्टंफाट," ती म्हणाली आणि त्याला हाताला धरून आत घेऊन गेली. मला आनंदाने भरून आलं.

पुढे पाच वर्षं मी त्या टेबलावर राज्य केलं. मग रंगीत प्लास्टिकच्या फळ्या आल्या. मला कुणीतरी मोरीत पाण्यात बुडवून विसरलं आणि माझ्या अंगाला एक लांब भेग पडली. आता मी घरी असते. म्हाताऱ्याला दिसत नाही नीट, पण सूनबाई सुट्टीच्या दिवशी मला तेल लावते तेव्हा तो माझ्या भेगेवरून बोट फिरवतो आणि म्हणतो, "हाफ होईल गं ही एक दिवस." होईन तेव्हा होईन.

मित्रांनो, लाकडाची फळी पाण्यात भिजत ठेवू नका. धुवा, पुसा, उभी करून वाळवा. आणि कुणी तुम्हाला जीव लावून शिकवताना त्यात एखादी चूकही शिकवली, तर चूक तेवढी कापून टाका. माणूस ठेवा, अख्खा.