मित्राची गोष्ट

एचआरची मुलगी प्रशिक्षक म्हणून त्याचा परिचय वाचून दाखवत होती आणि तो मान खाली घालून ऐकत होता. "ग्राहकसंवादाचा प्रदीर्घ अनुभव..." हे सगळं काल जेवणाच्या टेबलावर बसून त्यानेच लिहिलं होतं. प्रदीर्घ म्हणजे अकरा महिने, फ्रीजच्या कंपनीतल्या तक्रार विभागात. बायको खांद्यावरून वाचून म्हणाली होती, "संवादतज्ज्ञ? अहो, दूधवाल्याशीसुद्धा मलाच बोलावं लागतं." लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

टाळ्या झाल्या, त्याने मान वर केली, तर तिसऱ्या रांगेत मॅडम! त्या तक्रार विभागाच्या तेव्हाच्या प्रमुख. त्याला नोकरीवरून काढणाऱ्या. आता या कंपनीत होत्या म्हणायच्या. वर्षभराचं काम मिळणार की नाही, हे संध्याकाळी भरायच्या अभिप्रायाच्या फॉर्मवर ठरणार होतं, आणि त्यातला एक फॉर्म मॅडमच्या हातात होता.

दुपारपर्यंत निभावलं. मग आली 'माझ्या एका मित्राची' गोष्ट. बारा वर्षं प्रत्येक वर्गात तो ती सांगत आला होता: मित्र ग्राहकावर ओरडला, फोन आपटला, नोकरी गेली. टाळावी तर पुढचं सगळं शिकवणं तिच्यावरच उभं. सांगितली. लोक नेहमीसारखे हसले.

मॅडमनी हात वर केला. "तो ओरडला का, ते नाही सांगितलंत."

हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. नोकरीवरून काढतानाही नाही.

"तो ग्राहक शेजारच्या टेबलावरच्या मुलीला आठवडाभर फोनवरून घाणेरड्या शिव्या देत होता," तो म्हणाला. "त्या दिवशी ती रडायला लागली, म्हणून फोन मी घेतला."

'मी' तोंडातून निसटलं ते निसटलंच. कुणी हसलं नाही. काम गेलं असं धरून त्याने उरलेला वर्ग कसाबसा उरकला.

संध्याकाळी त्याने फॉर्म चाळले. बहुतेकांनी एसी फार थंड असल्याचं लिहिलं होतं. एका फॉर्मवर नाव नव्हतं, पण अक्षर ओळखीचं होतं. उद्यापासून येऊ नका, हे त्याला याच अक्षरात कळवलं होतं.

"हे प्रशिक्षण वर्षभर चालू ठेवावं. मित्राला सांगा, तेव्हाच मी विचारायला हवं होतं."

मॅडम अजून दाराशी होत्या. तो धावत गेला, तोंड उघडलं, आणि प्रदीर्घ अनुभवाचा संवादतज्ज्ञ डोळे पुसत नुसती मान हलवत राहिला.