शेलारची पोथी आणि सेवेचा अर्थ

मित्रांनो, मी शेलार गावच्या देवळातली एक जुनी पोथी आहे. कडा झिजल्यात, पण अक्षर अजून ठणठणीत आहे. श्रावणात एकाने मला वाचायचं, दुसऱ्याने अर्थ सांगायचा. वर्षभरात ज्या घरात मयत झाली, त्या घरच्या माणसाने समाप्तीचा अध्याय वाचायचा, अशी इथली रीत.

यंदा दामू गेला, म्हणून पाळी त्याच्या घराची होती. त्याची एकुलती एक लेक भावना काल्हेरच्या गोडाऊनमधून सुट्टी काढून आली आणि पाटावर बसली. बापासाठी वाचायचं, एवढीच तिची इच्छा.

"ऊठ बाय," चाळीस श्रावण अर्थ सांगणारा हिरामण म्हणाला. "पोथीत लिवलंय, सेवा करील त्यानं समाप्ती वाचावी. सेवा म्हंजे खांदा. खांदा तुझ्या चुलतभावानं दिला, दीपेशनं."

"काका, दोन वर्षं बाबांना उचलून आंघोळ कोणी घातली? ती सेवा न्हाय? खांदा कुठे लिहिलाय, दाखवा."

हिरामण रागारागाने माझी पानं उलटू लागला. अहो, माझ्यात खांदा हा शब्दच नाही! पण सांगणार कसं? चुकून पान फाटलं तर, म्हणून माझा जीव नुसता टांगणीला. आणि लाज वाटली ती वेगळीच. माझ्या नावावर ही पोर उठवली जात होती.

हिरामणचं बोट थांबलं.

"लिवलेलं न्हाय," तो हळूच म्हणाला. "माझा बाप सांगायचा. पटकीच्या साथीत मढ्याला कोणी शिवत न्हवता. बापानं नऊ मढी एकट्यानं वाहिली. त्याला सेवा म्हंजे खांदाच दिसली."

"मला आंघोळ दिसते, काका."

दीपेश मान खाली घालून बसला होता. "वाच," हिरामण म्हणाला. "पण अर्थ मीच सांगनार."

ती वाचू लागली. सेवेची ती ओळ आली आणि रीतीप्रमाणे ती अर्थासाठी थांबली. साऱ्यांचे कान हिरामणकडे. आता हा काय बोलतो?

"दामूची सेवा हिनं केली," हिरामण म्हणाला. "म्होरं वाच."

मित्रांनो, मला फडक्यात बांधा, वाळवीपासून जपा, ते हवंच. पण अर्थ सांगाल तेव्हा तो कोणाच्या जगण्यातून आला, तेही सांगत जा. नाहीतर माझं नाव घेऊन एखाद्या लेकीला दारातूनच परत पाठवाल, आणि मला तर थांबा म्हणायलाही तोंड नाही.