शेवटून चौथा डबा

टाइमटेबलला जाग आली तेव्हा खिडकीबाहेरची झाडं समोरून येत होती, आणि ती तशी यायला नको होती.

टाइमटेबल हे त्याचं घरातलं नाव. चष्म्याच्या दुकानात चाळीस वर्षं भिंगं घासून तो निवृत्त झाला, पण त्याचे स्वतःचे डोळे कायम रुळांवर. कुठली गाडी कुठे किती मिनिटं थांबते, इंजिन कुठे बदलतं, हे त्याला झोपेतून उठवून विचारावं, असं बायको म्हणायची. त्यात कौतुक कमी आणि वैताग जास्त असायचा. या गाडीत बसायची त्याची कित्येक वर्षांची हौस होती. बावीस डबे, ताशी एकशे तीसचा वेग, आणि अख्ख्या दिवसात मोजून सात थांबे.

त्यातला पाचवा थांबा ताईच्या गावाचा, दोन मिनिटांचा. ताई परवा मुलाकडे परदेशी चालली होती, कायमची. सत्तरी ओलांडलेल्या बहिणीची पुन्हा भेट होईल याचा भरवसा कोण देणार? "दोन दिवस राहायला ये," असं ती म्हणाली होती, आणि या पठ्ठ्यानं तिच्या गावावरून पुढे जाणाऱ्या गाडीचं तिकीट काढलं होतं.

"तू मला नाही, गाडीला भेटायला येतोस," म्हणून ताईनं फोन आदळला. दुसऱ्या दिवशी तिनंच पुन्हा फोन केला. "बरं, फलाटावर कुठे उभी राहू ते तरी सांग."

इथे त्यानं नेहमीप्रमाणे अक्कल पाजळली. त्याचा डबा इंजिनापासून चौथा. पण वाटेतल्या जंक्शनवर इंजिन गाडीच्या दुसऱ्या टोकाला लागतं आणि गाडी आली त्याच्या उलट्या दिशेनं निघते. म्हणजे ताईच्या गावात तोच डबा शेवटून चौथा. "फलाटाच्या मागच्या टोकाला थांब," तो म्हणाला, "गुडघे दुखतात तुझे, उगाच चालायला नको."

जंक्शननंतर त्यानं पाठमोरं जायला हवं होतं, आणि झाडं तर समोरून येत होती. जेवणानंतर डुलकी लागली, तीही नेमकी या गाडीत! घड्याळाप्रमाणे जंक्शन होऊन तास उलटला होता. आपण झोपेत जागा तर बदलली नाही? पिशवी जिथल्या तिथे होती. शेजारच्या बाई मघापासून स्वेटर विणत होत्या.

"मॅडम, मोठं जंक्शन येऊन गेलं का?"

"गेलं असेल. मी टाके मोजत होते."

"गाडीची दिशा बदलली का पण?"

"अहो, पोचतोय ना आपण? मग दिशेचं काय घेऊन बसलात?"

त्याचं डोकंच चालेना. जंक्शन झालं असेल तर तो सरळ तोंडानं कसा? आणि झालं नसेल तर गाडी इतकी उशिरा धावतेय कशी, आणि कुणी कुरकुरत कसं नाही? तेवढ्यात तिकीट तपासनीस आला.

"जंक्शन घेतलंच नाही आज," तो सहज म्हणाला. "तिथे रुळांचं काम काढलंय. गाडी बाहेरून वळवली. इंजिन होतं तिथेच आहे. आता पाच मिनिटांत पुढचं स्टेशन."

पुढचं स्टेशन म्हणजे ताईचं गाव, आणि टाइमटेबलचा डबा अजून इंजिनापासून चौथाच. त्यानं ताईला फोन लावला. ताईचा फोन पिशवीत, पिशवीची चेन बंद, आणि तिला ऐकू जरा कमीच. वाजून वाजून तो गप्प झाला.

गाडी थांबली. पंधरा डबे मागे जाऊन दोन मिनिटांत परत येणं शक्य नाही, हा हिशेब त्याच्याइतका झटपट कुणी केला नसता. तरी त्यानं उडी मारली आणि धावत सुटला. माणसं, ट्रंका, ढकलगाड्या चुकवत, धापा टाकत तो निम्म्यावर आला तोच गाडी हलली. त्यानं वळूनही पाहिलं नाही. मागच्या टोकाला पोचला, तर तिथे एक हमाल तेवढा बसलेला.

"पांढऱ्या केसांच्या बाई होत्या का इथे?"

"त्या? चढल्या की! मीच हात दिला. म्हणाल्या, भावाच्या डब्याचा नंबर पुढे जाताना दिसला, फलाटावरून एवढं चालवत नाही, आतून धरत धरत जाते."

वीसेक मिनिटांनी खिशातला फोन वाजला.

"अरे, तुझ्या डब्यात आले मी. या विणणाऱ्या बाईंनी तुझी जागा दाखवली. तू आहेस कुठे?"

"तुझ्या गावात."

"मग मी कुठे चाललेय?"

हे मात्र त्याला पाठ होतं. "पुढचा थांबा पावणेदोन तासांनी आहे. तिथे उतर. मागून सगळीकडे थांबणारी एक गाडी आहे, तिनं येतो."

"किती वाजता पोचशील?"

असल्या रडतखडत जाणाऱ्या गाड्यांकडे त्यानं जन्मात ढुंकून पाहिलं नव्हतं.

"माहीत नाही गं, ताई," तो म्हणाला.

ताई हसतेय की रडतेय ते त्याला कळेना. "जन्मभर तुझ्या गाड्यांचं ऐकत आले. आज एकदाची बसले, तर शेजारी तूच नाहीस. ये, वाजू देत कितीही. उतरेन तिथेच बसून राहते. हलत नाही."