दार नमितानं उघडलं नव्हतं

सारसोळ्यात शूटिंग येणार हे गोजराला सगळ्यात शेवटी कळलं. गावभर बोभाटा आधीच झाला होता.

खऱ्या गुन्ह्यांच्या गोष्टी दाखवणारी एक मालिका त्या वर्षी केबलवर जोरात चालली होती. दर रविवारी दुपारी एक नवा खून, आणि शेवटी बेड्या. नेरूळच्या सोसायट्या काय आणि गावठाण काय, त्या वेळी बाहेर माणूस दिसत नसे. आता त्याच मालिकेत सारसोळ्याचा खून येणार होता. म्हणजे गोजराच्या थोरल्या पोरीचा, नमिताचा.

नमिता नेरूळ स्टेशनजवळ एसटीडी-झेरॉक्सच्या दुकानात कामाला होती. घराच्या माडीवर गोजरानं एक खोली भाड्यानं दिली होती. तिथला भाडेकरू नमिताच्या मागे लागला. तिनं आईला सांगितलं आणि आईनं त्याला खोली सोडायला सांगितलं. मग एका दुपारी, गोजरा बाजारात मासळी घेऊन बसलेली असताना, तो माडीवरून खाली आला. नमितानं आतून कडी लावली होती. त्यानं लाथा घालून ती उखडली. त्यापुढचं गोजरा कुणाशी बोलत नसे. त्या माणसाचं नावही घेत नसे.

पोलिसांना त्यानं सांगितलं की आमचं प्रेम होतं, दार तिनंच उघडलं, नंतर भांडण झालं. ठाण्याच्या कोर्टानं ते मानलं नाही. शेजारच्या सुनीतीनं लाथांचे आवाज ऐकले होते आणि उखडलेली कडी पंचनाम्यात होती. त्याला जन्मठेप झाली. गोजराला वाटलं, निदान एक गोष्ट संपली.

शूटिंगवाल्यांनी गोजराचं घर मागितलं तेव्हा तिनं नाही म्हटलं. त्यांनी तीन घरं सोडून दुसरं दार ठरवलं.

शूटिंगच्या आधी एक मुलगी तिच्याकडे आली. गोजरा ओट्यावर बोईट मासे साफ करत होती. मुलगी उंबऱ्याशीच थांबली. म्हणाली, “मावशी, मी श्रुती. वाशीला राहते. टीव्हीवर ते... नमिताचं काम मी करणार आहे.”

गोजरानं मान वर करून तिच्याकडे नीट पाहिलं. पोरगी गोरी होती, शिडशिडीत होती. नमितासारखं तिच्यात काहीच नव्हतं.

“मंग माज्याकडं कनाला आलीस?”

“तुम्हाला न विचारता करवेना. ती कशी होती ते सांगाल?”

गोजरानं हात धुऊन श्रुतीला पाट दिला. मग सांगायला लागली. नमिता हसली की तोंडावर पदर नाही तर ओढणी धरायची, कारण पुढचा एक दात वाकडा होता. रागावली की भांडायची नाही, फणी घेऊन केस विंचरत बसायची. दुकानात कुणी गावाला फोन करून रडायला लागलं, तर आपण बाहेर जाऊन उभी राहायची, म्हणजे त्याला लाज वाटायला नको. श्रुती ऐकत राहिली. तिनं काही लिहून घेतलं नाही.

उठताना मात्र तिचा पाय निघेना.

“मावशी, एक सांगायला हवं. आमच्या स्क्रिप्टमध्ये दार ती उघडते. हसून. त्या दोघांचं आधीपासून असतं, असं दाखवलंय.”

गोजराचा चेहरा दगडासारखा झाला. “कोर्टानं काय सांगितलं, त्यांना ठावं नाय?”

“माहीत आहे. शेवटी शिक्षा झाल्याचं दाखवतायत की.”

“शिक्षा दाखवतान, आनि माझी पोर बदनाम करतान.” गोजरा उठली. “शूटिंग कवा हाय?”

शूटिंगच्या दिवशी गल्लीत जत्रा भरली होती. जनरेटरची गाडी घरघरत होती, उजेड पाडायला चंदेरी पत्रे धरून माणसं उभी होती, गावातली पोरं भिंतींवर चढून बसली होती. आशुतोष नावाचा दिग्दर्शक छत्रीखाली खुर्ची टाकून बसला होता. दाराचा शॉट लागला, कॅमेरा फिरायला लागला, आणि गोजरा गर्दीतून सरळ चालत जाऊन त्या दारापुढे उभी राहिली.

“कट! मावशी, बाजूला व्हा. फ्रेममध्ये येताय.”

“व्हते बाजूला. आदी मना सांग, हे दार कोन उघडनार हाय?”

ही बाई कोण, हे कुणीतरी आशुतोषच्या कानात सांगितलं. तो खुर्चीवरून उठला. माणूस वाईट नव्हता, आवाजही त्यानं खाली आणला. “मावशी, तुमचं दुःख आम्हाला कळतं. म्हणून तर नावं बदललीत. नमिताची नेहा केलीय.”

“गाव बदललं का? गल्ली बदलली का? एसटीडीचं दुकान बदललं का? मंग नेहा कोन, हे शेंबड्या पोराला बी कळल.”

“प्रेक्षकाला कारण लागतं हो. काही संबंध नव्हता आणि तरी मारलं, असं दाखवलं तर लोकांना पटत नाही. चॅनल बदलतात.”

“ती नाय बोलली, ह्यं कारन हाय,” गोजरा म्हणाली. “नाय बोलली म्हनून मारली. ह्यं लोकांना पटत नसंल तं त्यांना पटवाया पायजे. तुमच्याकडं येवढी मशिनं हायत.”

आशुतोषनं घड्याळ पाहिलं. ऊन उतरत चाललं होतं. “यांना बाजूला घ्या रे कुणीतरी,” तो वैतागून म्हणाला. पण तेवढ्यात सुनीती गर्दीतून निघाली आणि गोजराच्या बाजूला जाऊन उभी राहिली. मग आणखी दोघीचौघी गेल्या. कुणी घोषणा दिल्या नाहीत, शिव्या दिल्या नाहीत. नुसत्या दारापुढे उभ्या राहिल्या. कोळणींच्या अंगाला हात लावायची कुणाची छाती झाली नाही.

शेवटी आशुतोषनं पॅकअप सांगितलं. “दाराचा सीन स्टुडिओत घेऊ. दार काय, कुठेही उभं करता येतं.”

“सर,” श्रुती म्हणाली, “तो शॉट मी देणार नाही.”

“तुझ्यावाचून अडत नाही,” तो म्हणाला, आणि गाडीत जाऊन बसला.

त्यानंतर गोजराचा दीर धर्मराज घरी आला. नवऱ्यामागे त्यानंच घराला आधार दिला होता. त्याच्या काळजीला कारणही होतं. गोजराच्या धाकट्या पोरीची, ईश्वरीची, सोयरीक दिवाळे गावात जमली होती. मुलगा दिपेश बेलापूरला नोकरीला होता. साखरपुडा तोंडावर आला होता.

“वयनी, माझं आयक. रविवारी ह्यं टीव्हीवर येल, तवा आपन सगली उरनला जाऊ. घराला कुलूप. दिवाळ्याच्या लोकांच्या कानावर ह्यं गेलं तं सोयरीक मोडल.”

“कानावर जानारच हाय, भावजी. मंग माज्याच तोंडून जाऊ दे.”

“आनि मोडली तं?”

गोजरानं ईश्वरीकडे पाहिलं. ईश्वरी भांडी घासता घासता थांबली होती. ती म्हणाली, “काका, ताईला नावं ठेवून जे घर मना घेल, तिथं मी नांदू कशी?”

दुसऱ्या दिवशी गोजरा चांगलं लुगडं नेसून एकटीच दिवाळ्याला गेली आणि दिपेशच्या आईबापाला रविवारी जेवायचं आमंत्रण देऊन आली. कशासाठी, तेही सांगून आली.

रविवारी धर्मराजनंच केबलची वायर खिडकीतून बाहेर ओढली आणि टीव्ही अंगणात टेबलावर मांडला. अर्धं गाव जमलं. दिपेशचा बाप सिताराम, त्याची बायको आणि दिपेशची एक आत्या पुढे सतरंजीवर बसली. सकाळीच श्रुतीचा धर्मराजच्या घरी फोन येऊन गेला होता. ती एवढंच म्हणाली होती, “मावशींना सांगा, दार उघडणारा हात माझा नाही.”

मालिका सुरू झाली. गोजरा टीव्हीच्या बाजूला उभी राहिली.

श्रुती पडद्यावर आली, दुकानात फोनपाशी बसली. समोर कुणी बाई रडायला लागली तशी ती हळूच उठून बाहेर गेली. गोजरा खणखणीत आवाजात म्हणाली, “ह्यं खरं हाय. माझी नमी अशीच होती.”

मग माडीवरचा माणूस आला, चिठ्ठ्या आल्या, बागेतलं गाणं आलं. “ह्यं खोटं,” गोजरा म्हणाली. “चिठ्ठी कवाच नव्हती. ह्यं बी खोटं.”

मग दार आलं. बांगड्या भरलेला एक हात कडीकडे गेला. गोजरानं आपला तळवा पडद्यावर ठेवून तो हात झाकला.

“कडी तिनं उघडली नाय. तोडली. ह्या सुनीतीनं आयकलं.”

सुनीती उठून उभी राहिली. कोर्टात सांगितलं होतं तसंच तिनं सगळ्यांदेखत सांगितलं. टीव्ही आपला वाजत होता, तिकडे कुणी पाहत नव्हतं.

दिपेशची आत्या पदर सावरत उठली. “जेवाया बोलवून तमाशे दाखवतान. चल सिताराम.”

सिताराम चुळबुळला. त्याची बायको मात्र जागची हलली नाही. तिनं गोजराला विचारलं, “कोर्टात रोज कोन जायचा?”

“मीच. आनखी कोन जानार?”

“आनि त्याचा वकील असंच बोलायचा? येवढ्या लोकांम्होरं?”

“ह्याच्यापरीस वंगाळ.”

बाई नणंदेकडे वळून म्हणाली, “तुमी व्हा म्होरं. सून मना नांदवाची हाय, टीव्हीला नाय.” आणि तिनं ईश्वरीला पानं वाढायला घ्यायला सांगितलं.

आत्या जी गेली ती लग्नालाही आली नाही. गावातही दोनचार जण असे निघालेच, ज्यांना टीव्हीवरचंच खरं वाटलं. नेरूळभर आणि त्यापलीकडे किती लोकांनी तो भाग पाहिला असेल, याचा विचार गोजराच्या मनात त्या रात्री पुन्हा पुन्हा आला. प्रत्येक घरातल्या टीव्हीशेजारी तिला उभं राहता येणार नव्हतं.

सोमवारी ती नेहमीसारखी बाजारात जाऊन बसली. नंदिनीबाई नावाच्या, सोसायटीतल्या रोजच्या गिऱ्हाईक आल्या. कोलंबी बघता बघता त्यांनी आवाज बारीक केला. “मावशी, काल त्या मालिकेत तुमच्याच गावचं दाखवलं ना? कोण हो ती मुलगी? चांगल्या घरची वाटत होती, पण बघा ना, असल्या माणसाच्या नादी...”

शेजारची कोळीण दचकून गोजराकडे पाहायला लागली. गोजरानं कोयता बाजूला ठेवला, हात पुसले आणि फळीवर जागा करून दिली.

“बसा बाय,” ती म्हणाली. “ती माझी पोर. कोनाच्या नादी नव्हती लागली. काय झालं ते मी सांगते.”

नंदिनीबाईंच्या मागे आणखी दोघी थांबल्या होत्या. गोजरानं त्यांनाही ऐकू जाईल एवढा आवाज चढवला.