संत निकोलाच्या दिवशीची भट्टी

वुकाशिनने बेकरीत माणसं भरली ती सगळी आपल्या गावची, भाऊबंदांतली. त्यामुळे सगळ्यांच्या घरचा संत, पिढ्यान्‌पिढ्या कुळाचा राखणदार, एकच: निकोला. डिसेंबरात त्याचा सण आला की भट्टी थंड आणि सगळे घरी, पाहुण्यांत. हे ठाऊक असूनही या शहाण्यानं यंदा इस्पितळाला रोज पाव पोचवायचा करार केला. रोज म्हणजे रोज!

देसांका दुसऱ्या खोऱ्यातली. काउंटरवर बसायची, तीही वर्षअखेरपर्यंतच. पुढे ठेवतील की नारळ देतील याचा भरवसा नव्हता, आणि घरी कमावणारी ती एकटी. म्हणून गिऱ्हाईक नसलं की ती आत घुसायची. पीठ मळण्यापासून गाडी हाकण्यापर्यंत तिनं प्रत्येकाचं डोकं खाल्लं.

"अगं बये, काउंटर सोडून भट्टीत कशाला नाक खुपसतेस?" म्हातारा भट्टीवाला ग्वोज्देन खेकसायचा.

"काका, निकोलाच्या दिवशी तुम्ही घरी मासे खात बसाल. पाव कोण भाजेल, तुमचा संत?"

तो हसायचा, पण शिकवायचाही.

सण तोंडावर आला तेव्हा वुकाशिनला घाम फुटला. सुट्टी सोडायला कुणी तयार होईना, आणि घरधनी म्हणून घरी सणाची मेणबत्ती त्यालाच लावायची होती.

"मालक, मी करते," देसांका म्हणाली.

"तू? पाव विकणं वेगळं, भाजणं वेगळं!"

"मग दुसरं कोण आहे, सांगा."

नव्हतंच कुणी.

त्या पहाटे थंडीनं पीठ काही फुगेना. मग ग्वोज्देन करायचा तसे तिनं पिठाचे टब भट्टीला चिकटवून ठेवले, तेव्हा कुठे पीठ वर आलं. पाव भाजले, गाडीत भरले, गाडीही तिनंच हाकली. न्याहारीच्या आधी इस्पितळात गरम पाव हजर.

दुपारी ती वुकाशिनच्या दारात उभी राहिली. केसांत पीठ, हातात उरलेला एक पाव. आपापल्या घरच्या मेणबत्त्या लावून सगळी बेकरी आत मालकाकडे जेवायला जमली होती. वुकाशिन मात्र इस्पितळाची तक्रार येईल म्हणून फोनकडे डोळे लावून बसला होता.

"सण सुखाचा जावो, मालक. पाव पोचला."

वुकाशिननं तिला आपल्या शेजारी बसवलं आणि सणाचा उकडलेला गहू स्वतः पुढे केला. "आजपासून तू कायम. बस काउंटरवरच, पण पगार भट्टीवाल्याचा!"

सगळ्यांनी टेबल बडवलं. आनंदानं देसांकाचे डोळे भरून आले.

"पण सहा मेला मी येणार नाही हं," ती म्हणाली. "आमच्या घरचा संत जॉर्जे."

त्या दिवशी भट्टीला माणसं होती, पण पाव विकणार कोण? काउंटरचं काम तर एकालाही येत नव्हतं.

ग्वोज्देननं घसा खाकरला. "पोरी, उद्यापासून मला काउंटर शिकवशील?"