पोटातून बर्फ खाणारी गाडी

उष्णतेवर मात करणे हा मानवी बुद्धीचा सर्वांत थोर विजय होय, आणि त्या विजयाचं एक पान यंदाच्या मे महिन्यात, भर दुपारी, मंगरूळपीरजवळच्या एका तांड्यावर लिहिलं गेलं. मानवजातीच्या बाजूने बर्फाच्या चार लाद्या, काही ओली बारदानं आणि ट्रॅक्टरचा मिस्त्री विनोद एवढं सैन्य होतं. त्यातल्या विनोदला दोनच्या आत जऊळक्याला एका लग्नाच्या पंगतीत पोचायचं होतं.

समोर एक गाडी होती. तिला चाकं नव्हती. पुढे दोन घसरपट्ट्या, मागे रुंद रबरी पट्टा, मधे लांबट काळी सीट. ही बर्फावर पळायची गाडी. तांड्यावरच्या नानीबाईचा मुलगा बादल तीन हिवाळे काश्मिरात याच गाडीवरून पर्यटकांना फिरवायचा. चौथ्या हिवाळ्यात, पर्यटकांना हॉटेलात सोडून एकटा परत येताना, गोठलेल्या तळ्यावर गाडीचं इंजिन तापून बंद पडलं. ते थंड होईपर्यंत बादल गाडीवरच बसून राहिला. इंजिन थंड झालं. बादलही झाला. सापडला तेव्हा दोन्ही हात हँडलच्या मुठींवर होते आणि नजर समोर, फाटक उघडायची वाट पाहत असल्यासारखी.

अग्नी तिकडेच दिला. दीड महिन्याने अक्रोडाच्या ट्रकातून गाडी आली. तिकडच्या गाडीमालकाने निरोप धाडला होता की गाडी चालू आहे, पण तिच्यावर दुसरं कोणी बसू शकत नाही, बसलं की दात वाजतात. आता तुम्हीच ठेवा.

हिच्या इंजिनावर फवारणीचा पंप चालेल का हे बघायला विनोदने ती पहिल्यांदा सुरू केली. इंजिनाने आवाज धरला आणि रिकामी सीट खाली दबली. अगदी सावकाश, पोत्यावर माणूस टेकावा तशी. चव्वेचाळीस डिग्रीत सीटच्या वर हातभर अंतरावर वाफ दिसायला लागली. थांबून थांबून. श्वासासारखी. तांड्यावरची कुत्री उठली आणि एकही न भुंकता नाल्याकडे निघून गेली. चार मिनिटांत लाल दिवा लागला, विनोदने चावी फिरवली, आणि सीट जशी बसली होती तशीच हळूहळू वर आली.

दुसऱ्या वेळी विनोदने इंजिनाच्या टोपणावर बर्फाची लादी ठेवली. तेव्हाही चारच मिनिटं मिळाली. पण त्या चार मिनिटांत हँडल आपोआप वळलं आणि नानीबाई उभी होती त्या बाजूला येऊन थांबलं.

नानीबाई घाबरली नाही. तिला बादलला एकच गोष्ट विचारायची होती. वीटभट्टीवर बादलला दोनदा ऊन लागलं होतं, तेव्हा थंडीच्या मुलखात जा म्हणून तिनेच त्याच्या मागे टुमणं लावलं होतं. त्याला जायचं नव्हतं. शेवटी एस.टी.त बसला तो खिडकीतून मागे न बघता. तेव्हापासून तिचा एकच प्रश्न होता, आणि त्याच्या उत्तराला चार मिनिटं पुरत नव्हती.

"काकी, आता आखरीच," विनोद म्हणाला. "दोन डाव तापली हे. तिसऱ्या डावाले तापली तं पिस्टन चिपकते. मंग भंगार."

"मंग तापू देऊ नको."

"मी का मुद्दाम तापवून राह्यलो का?"

लाद्या कारंज्याहून आल्या होत्या. बर्फाच्या कारखान्याचे मालक हीरालाल शेठ स्वतः टेंपोतून बरोबर आले होते. भुतावर त्यांचा विश्वास नव्हता, हे त्यांनी उतरल्या उतरल्या सांगितलं. बर्फ वाया जाऊ नये एवढ्यासाठीच आपण आलो, हेही सांगितलं. मग गाडीपासून वीस पावलांवर निंबाखाली खुर्ची टाकून, रुमालाने कपाळ पुसत बसले.

विनोदने चारही लाद्या गाडीच्या तोंडावर रचायला घेतल्या.

"अरे, तिच्या तोंडावर कायले ठेवतं?" नानीबाईने विचारलं.

"रेडिएटर तोंडातच असते, काकी. ट्रॅक्टरचं पाहा, टेंपोचं पाहा. पंधरा वर्षं झाली मले."

"बादल तं म्हणे, हे जनावर पोटातून बर्फ खाते."

विनोद लादी हातात धरून तसाच उभा राहिला. मग लादी खाली ठेवली, गाडीखाली पाठीवर सरकला आणि काही वेळ दिसेनासा झाला. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा शाळेत फळ्यापाशी उभं केलेल्या पोरासारखा झाला होता.

"तोंडात काहीच नाई. सीटखाली, पट्ट्याच्या वर, ॲल्युमिनमची पट्टी हाय. इंजिनाचं गरम पाणी तिच्यातून फिरते. पट्टा खालचा बर्फ उडवते, तो तिले लागते, मंग पाणी थंड." त्याने पाठीची माती झटकली. "तळ्यावर बर्फ कडक असंन. उडाला नसंन."

नानीबाईने सीटवर हात ठेवला.

"काकी, हे आधी काहून नाई सांगतलं?"

"तू विचारलं कुठं? तू तं पंधरा वर्षाचा मिस्त्री."

मग काम वेगाने झालं. मागचा भाग विटांवर उचलून पट्टा अधांतरी केला. त्याच्याखाली ढोरांच्या चाऱ्याची टोपली मावेल एवढा खड्डा खणला. रसवंतीवाले करतात तसं लाद्या बारदानात गुंडाळून, मोगरीने ठेचून, भुगा खड्ड्यात भरला. बर्फ फुकट जातोय हे बघून शेठना राहवेना. ते उठले, रुमाल कमरेला बांधला आणि मोगरी मागून घेतली.

"शेठ, तुमी भूत मानत नाई ना?" विनोदने विचारलं.

"भूत नाही मानत. लादी मोठी ठेवली तर फुकट जाते, ते मानतो. बारीक कर."

बरोबर साडेबाराला विनोदने चावी फिरवली.

इंजिनाने आवाज धरला, पट्टा फिरला आणि गाडीच्या पोटात बर्फाचा भुगा सरसरत उडायला लागला. मागून पांढरा फवारा निघाला, निंबावर पडला, शेठच्या चष्म्यावर पडला. मे महिन्याच्या त्या उन्हात तांड्याच्या त्या कोपऱ्यात काश्मीर पडत होतं. सीट दबली. वाफ आली. चार मिनिटं झाली, दिवा लागला नाही. पाच झाली. विनोद फावड्याने भुगा पट्ट्याखाली ढकलत राहिला आणि डोळे दिव्यावरून हलू दिले नाहीत, कारण दुसरीकडे बघायची त्याची हिंमत नव्हती.

सातव्या मिनिटाला पायाच्या फळ्या दबल्या. मुठींवर दहा बोटांच्या जागी दव धरलं. शेठची मोगरी थांबली.

नानीबाई पुढे झाली. पायाच्या फळीला अगदी खेटून उभी राहिली. आवाज येईल न येईल अशा बेताने तिने विचारलं,

"बादल, माह्यावर राग हाय का रे? मीच पाठवलं तुले."

वाफ थांबली. एक श्वास, दोन श्वास, कितीतरी वेळ काहीच नाही. इंजिन एका लयीत चालत होतं. मग वाफ तिच्याकडे वळली. तिच्या कपाळावरचे केस गार वाऱ्याने हलले आणि रेंज नीट नसलेल्या फोनवरून यावा तसा, खरखरता, लांबचा आवाज आला. तो तिघांनीही ऐकला.

"याडी," तांड्यावर आईला म्हणतात तसंच तो म्हणाला, "जराशी सरक ना. उतरू दे मले. पायाले मुंग्या आल्या."